ट्रायसेराटॉप्स हे नाव रद्द झालेले नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत मुलांच्या पानावर शिंगवाल्या डायनोसॉरविषयी आलेला सचित्र लेख वाचला. मराठी वृत्तपत्रात या विषयाला अर्धे पान मिळावे ही आनंदाची गोष्ट आहे आणि चित्रेही मेहनतीने काढलेली आहेत. तरीही लेखातील तीन विधाने दुरुस्त होणे आवश्यक वाटते, कारण शाळेत जाणारी मुले ती जशीच्या तशी वहीत उतरवून घेतात. ट्रायसेराटॉप्स नावाचा प्राणी मुळात अस्तित्वातच नव्हता असे २०१० मध्ये सिद्ध झाले, हे पहिले विधान. ट्रायसेराटॉप्स ही डायनोसॉरची ‘एक जात’ होती, हे दुसरे. तिसरी चूक तक्त्यातील आहे : तेथे ट्रायसेराटॉप्सच्या शेजारी, त्याच कुलातील भावंडे म्हणून, सेरॅटोसॉरस, कार्नोटॉरस आणि आपल्या गुजरातचा राजासॉरस यांना बसवले आहे. पहिले विधान सर्वांत गंभीर असल्याने त्याविषयी सविस्तर लिहितो. मराठी विश्वकोशाच्या प्रथेप्रमाणे या पत्रात ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज असे समजावे.

२०१० मध्ये काय घडले ते आधी सांगतो. अमेरिकेतील मोंटाना राज्यातील म्युझियम ऑफ द रॉकीज या संग्रहालयाचे जॉन स्कॅनेला आणि जॅक हॉर्नर यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध करून असे मांडले की टोरोसॉरस म्हणून ओळखला जाणारा शिंगवाला डायनोसॉर ही वेगळी प्रजाती नसून तो पूर्ण वाढ झालेला, वयस्क ट्रायसेराटॉप्सच आहे. म्हणजे एकाच प्राण्याला त्याच्या आयुष्याच्या दोन टप्प्यांवरून दोन नावे पडली, असा त्यांचा दावा होता. हा दावा खरा मानला तरी दोघांपैकी कोणते नाव राहते? प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार जे नाव आधी रीतसर प्रसिद्ध झाले ते टिकते आणि नंतरचे त्यात विलीन होते. ट्रायसेराटॉप्स हे नाव १८८९ चे आहे आणि टोरोसॉरस १८९१ चे. त्यामुळे हा वाद कसाही सुटला तरी धोका होता तो टोरोसॉरसला, ट्रायसेराटॉप्सला नव्हे. स्वतः संशोधकांनी शोधनिबंधात हेच स्पष्ट केले होते. परंतु बातमी देणाऱ्या अनेकांनी ती नेमकी उलटी केली, ‘ट्रायसेराटॉप्स कधी नव्हताच’ अशी शीर्षके जगभर फिरली आणि इतक्या वर्षांनी ती आपल्या पुरवणीपर्यंत येऊन पोहोचली.

नावाच्या ज्येष्ठतेचा हा नियम रुक्ष वाटला तरी ट्रायसेराटॉप्सच्या बाबतीत त्याचा इतिहास फार रंजक आहे. १८८७ मध्ये कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहराजवळ कवटीच्या तुकड्याला जोडलेली दोन दणकट शिंगे मिळाली आणि ती येल विद्यापीठातील ऑथनिएल चार्ल्स मार्श यांच्याकडे पोहोचली. डायनोसॉरला अशी शिंगे असू शकतात ही कल्पनाच तेव्हा कोणाच्या मनात नव्हती, त्यामुळे मार्श यांनी ती एका प्रचंड गव्याची ठरवली आणि त्यांना ‘बायसन अल्टिकॉर्निस’ असे नाव दिले. पुढच्याच वर्षी मोंटानातून आलेल्या तुटपुंज्या अवशेषांवरून त्यांनी सेराटॉप्स ही शिंगवाल्या डायनोसॉरची प्रजाती स्थापन केली. डेन्व्हरच्या त्या ‘गव्या’विषयी त्यांचे मत मात्र लगेच बदलले नाही. त्यानंतर त्यांचे सहकारी जॉन बेल हॅचर यांना वायोमिंगमधील एका गुरेपालकाच्या संग्रहात एक शिंग दिसले, ते जिथून आले त्या ओढ्याच्या काठावर हॅचर गेले आणि तेथून त्यांनी जवळजवळ पूर्ण कवटी काढून येलला पाठवली. मार्श यांनी सुरुवातीला तिलाही ‘सेराटॉप्स हॉरिडस’ म्हटले. कवटीवरचा दगड साफ केल्यावर नाकावरचे तिसरे शिंग उघडे पडले, तेव्हा १८८९ मध्येच त्यांनी तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती निर्माण केली आणि तो प्राणी ‘ट्रायसेराटॉप्स हॉरिडस’ झाला. येल विद्यापीठाच्या पीबॉडी संग्रहालयात जपलेली ती कवटी हाच या नावाचा आधार, म्हणजे प्ररूप नमुना आहे. हॅचर यांनी पुढच्या दोन-तीन वर्षांत वायोमिंगच्या त्याच टापूतून तीसहून अधिक शिंगवाल्या कवट्या काढल्या, आणि आज या प्राण्याविषयी जे काही ठामपणे सांगता येते त्याचा पाया हॅचर यांच्या कष्टांवर उभा आहे. मार्श १८९९ मध्ये वारले, त्यांचे अपुरे राहिलेले काम हाती घेतलेले हॅचर १९०४ मध्ये विषमज्वराने गेले, आणि शेवटी रिचर्ड स्वान लल यांनी ते १९०७ मध्ये पूर्ण करून प्रसिद्ध केले.

कोणी चिकित्सक वाचक येथे विचारील की ज्येष्ठतेचाच नियम लावायचा तर मार्श यांचे कडवे प्रतिस्पर्धी एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी १८७२ मध्ये वायोमिंगमधीलच हाडांना दिलेल्या ‘अगॅथॉमस’ या नावाचे काय? शंका रास्त आहे. ती हाडे शिंगवाल्या डायनोसॉरचीच होती आणि बहुधा ट्रायसेराटॉप्सची असावीत. परंतु कोप यांना कवटी मिळाली नव्हती, मणके आणि कमरेची हाडे तेवढी होती, आणि केवळ त्यांवरून प्राण्याची प्रजाती निश्चित सांगता येत नाही. कोप यांनीच १८७४ मध्ये कोलोरॅडोतील शिंगाच्या तुकड्यांना दिलेल्या ‘पॉलिओनॅक्स’ या नावाची कथा तीच आहे. अशा नावांना शास्त्रात संदिग्ध नाम म्हणतात. ती इतिहासात राहतात, पण ज्याची ओळख पटते त्या नावाला ती हुसकावून लावू शकत नाहीत. यातला विनोद असा की ज्या सेराटॉप्सवरून संपूर्ण कुलाला सेराटॉप्सिडी हे नाव पडले, ती प्रजातीसुद्धा आज संदिग्ध नामांतच जमा आहे. कुलाचे नाव मात्र निर्वेध चालू आहे.

आता मूळ वादाकडे येतो. ट्रायसेराटॉप्स आणि टोरोसॉरस दोघेही क्रिटेशस काळाच्या अगदी अखेरीस, साधारण ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, पश्चिम उत्तर अमेरिकेत राहत होते. दोघांच्याही भुवयांवर मीटरभर लांबीची शिंगे, नाकावर एक आखूड शिंग आणि मानेवर आलेली हाडांची रुंद झालर होती. ठळक फरक झालरीत आहे. ट्रायसेराटॉप्सची झालर तुलनेने आखूड, जाड आणि सलग असते. टोरोसॉरसची झालर लांब आणि पातळ असून तिच्यात दोन मोठी भोके असतात. स्कॅनेला आणि हॉर्नर यांनी झालरीच्या हाडांचे पातळ छेद घेऊन ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा मोठ्या ट्रायसेराटॉप्सच्या झालरीतही हाड सतत झिजत आणि नव्याने घडत असल्याचे त्यांना दिसले. शिवाय टोरोसॉरसमध्ये जिथे भोके असतात नेमक्या त्याच जागी ट्रायसेराटॉप्सची झालर पातळ होत गेलेली होती. टोरोसॉरसची निर्विवाद पिल्ले कोणालाच सापडलेली नाहीत, या गोष्टीवरही त्यांनी बोट ठेवले. सर्व पिल्ले एकाची आणि सर्व म्हातारे दुसऱ्याचे, हे चित्र त्यांना संशयास्पद वाटले.

हा विचार हवेतून आलेला नव्हता. हॉर्नर आणि मार्क गुडविन यांनी २००६ मध्ये पिल्लापासून प्रौढापर्यंतच्या ट्रायसेराटॉप्सच्या कवट्या क्रमाने मांडून दाखवले होते की अगदी लहान पिल्लाच्या भुवईवर शिंगाचा नुसता खुंट असतो, किशोरवयात ही शिंगे मागे वळतात आणि प्रौढपणी पुढे झुकतात. लहानपणी झालरीच्या काठावर जी त्रिकोणी टोके असतात तीही वाढत्या वयात चपटी होत जातात. खिल्लार वासराच्या कपाळावरचे कोंब पाहून ज्याला पूर्ण वाढलेल्या बैलाची शिंगे ओळखता येणार नाहीत, त्याने वासराला निराळे जनावर ठरवले तर काय होईल, तसाच हा प्रश्न आहे. याच दोघांनी २००९ मध्ये घुमटासारख्या डोक्याच्या पॅकिसेफॅलोसॉरसबाबतही असेच म्हटले, की ड्रॅकोरेक्स आणि स्टिगिमोलॉक ही त्याचीच लहान वये आहेत. तो युक्तिवाद अनेक संशोधकांना पटलेला आहे. म्हणून २०१० चा दावा कोणी थिल्लर ठरवू नये.

पण दावा मांडला गेला म्हणजे तो सिद्ध झाला असे होत नाही, आणि आपल्या लेखातील ‘सिद्ध झाले’ हे क्रियापद मला सर्वांत जास्त खटकले ते यामुळे. २०११ मध्ये अँड्र्यू फार्क यांनी आक्षेप घेतला की ट्रायसेराटॉप्सचा टोरोसॉरस व्हायचा तर प्रौढ वयात सलग झालरीला भोके पडली पाहिजेत आणि झालरीच्या कडेच्या छोट्या हाडांची संख्याही वाढली पाहिजे. शिंगवाल्या डायनोसॉरच्या इतर कोणत्याही प्रजातीच्या वाढीत असे होताना दिसत नाही. २०१२ मध्ये येलचे निकोलस लाँगरिच आणि डॅनियल फील्ड यांनी कवटीतील सांधे किती जुळून आले आहेत, हाडाचा पृष्ठभाग कसा आहे अशा खुणांवरून प्रत्येक नमुन्याचे वय अजमावले. त्यांना आढळले की टोरोसॉरस गणलेल्यांपैकी काही पूर्ण प्रौढ नव्हते, तर ट्रायसेराटॉप्सपैकी काही नक्कीच पूर्ण वाढलेले होते. एक दुसऱ्याचे म्हातारपण असेल तर असे दिसायला नको. २०१३ मध्ये कवट्यांच्या आकाराची गणिती तुलना करणाऱ्या एका गटानेही दोन्ही प्रजाती वेगळ्याच ठेवल्या, आणि २०२२ मध्ये कॅनडातील टोरोसॉरसच्या अवशेषांवर आलेल्या निबंधाने त्याच बाजूला वजन टाकले. आज या क्षेत्रातील बहुसंख्य अभ्यासक टोरोसॉरसला स्वतंत्र प्रजाती मानतात. माझे स्वतःचे मतही तिकडेच झुकते, कारण झालरीच्या कडेची हाडे वाढत्या वयात नव्याने उगवतात हे दाखवणारा मधल्या टप्प्यांचा भरघोस पुरावा अजून पुढे आलेला नाही.

मधला टप्पा म्हणून स्कॅनेला आणि हॉर्नर यांनी ज्या कवटीकडे बोट दाखवले तिची हकिकत थोडक्यात सांगण्याचा मोह आवरत नाही. स्मिथसोनियन संस्थेत असलेल्या या एकुलत्या एका कवटीला नाकावर शिंग जवळजवळ नाही आणि झालरीत एक लहानसे भोक आहे. १९०५ मध्ये, हॅचर यांच्या मृत्यूनंतर, तिला ‘डायसेराटॉप्स’ हे नाव प्रसिद्ध झाले. शंभर वर्षांनी लक्षात आले की ते नाव एका कीटकाला एकोणिसाव्या शतकातच दिलेले होते. प्राणिसृष्टीत दोन प्रजातींना एक नाव चालत नाही, म्हणून २००७ मध्ये युक्रेन्स्की यांनी तिचे नाव ‘नेडोसेराटॉप्स’ असे बदलले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका संशोधकाने, पहिले नामांतर झाल्याचे ध्यानात न आल्याने, तिला ‘डायसेरॅटस’ म्हटले; ज्येष्ठतेच्या नियमाने ते आपोआप बाद झाले. ही कवटी म्हणजे वेगळी प्रजाती, आजारी ट्रायसेराटॉप्स की वयाचा एक टप्पा, यावर एकमत नाही. आपल्या तक्त्यात मात्र ती कसलाही शेरा न देता स्वतंत्र प्राणी म्हणून रंगवलेली आहे.

दुसरे विधान. ट्रायसेराटॉप्स ही जात नव्हे, प्रजाती आहे, आणि तिच्यात किती जाती हा निराळाच अभ्यासाचा विषय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीस शिंगाचा कोन जरा वेगळा दिसला की नवी जात जाहीर करण्याची रीत होती, आणि अशा रीतीने ट्रायसेराटॉप्सच्या डझनाहून अधिक जाती कागदोपत्री झाल्या. १९८६ मध्ये जॉन ऑस्ट्रॉम आणि पीटर वेल्नहोफर यांनी म्युनिकमधील कवटीचा अभ्यास करताना या सगळ्यांची छाननी केली आणि फरक केवळ व्यक्तिगणिक आहेत, जात एकच आहे, असा निष्कर्ष काढला. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, कॅथरिन फॉर्स्टर यांनी दोन जाती पुन्हा वेगळ्या केल्या : ट्रायसेराटॉप्स हॉरिडस आणि ट्रायसेराटॉप्स प्रोर्सस. हॉरिडसचे नाकावरचे शिंग आखूड आणि थोटे असते, प्रोर्ससचे लांब आणि टोकदार असते.

या दोन जातींचे नाते कसे उलगडले ते मला संपूर्ण विषयातील सर्वांत सुंदर प्रकरण वाटते आणि मुलांच्या पानावर यायला हवे होते ते हेच. मोंटानातील हेल क्रीक शैलसमूहाचे थर खालून वर, म्हणजे जुन्याकडून नव्याकडे, नीट वाचता येतात. स्कॅनेला, डेन्व्हर फाउलर, गुडविन आणि हॉर्नर यांनी पन्नासहून अधिक नमुने प्रत्येकी नेमक्या कोणत्या थरातून आले त्याची काटेकोर नोंद ठेवून तपासले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खालच्या थरांत फक्त हॉरिडस, वरच्या थरांत फक्त प्रोर्सस, आणि मधल्या थरांत दोघांची लक्षणे मिसळलेले प्राणी. म्हणजे दोन जाती शेजारी शेजारी चरत नव्हत्या, तर एका जातीचे हळूहळू दुसरीत रूपांतर होत गेले असण्याची दाट शक्यता आहे. डायनोसॉरच्या एकाच प्रजातीत उत्क्रांतीची पावले दगडाच्या थरांतून इतक्या स्पष्टपणे मोजता आल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. टोरोसॉरसच्या बाबतीत ज्यांच्याशी मी सहमत नाही, त्याच संशोधकांचे हे काम आहे आणि ते पहिल्या प्रतीचे आहे, हेही येथे नोंदवले पाहिजे.

तिसरी चूक वर्गीकरणाची. शिंग दिसले की प्राणी ट्रायसेराटॉप्सच्या कुलातला, हे गृहीतच टिकत नाही. ट्रायसेराटॉप्स ज्या सेराटॉप्सिया गटात मोडतो त्या गटाची ओळख शिंगाने होत नाही, ती वरच्या जबड्याच्या टोकाशी असलेल्या रोस्ट्रल नावाच्या एका जादा हाडाने होते. पोपटासारखी चोच बनवणारे हे हाड या गटाखेरीज दुसऱ्या कोणत्याही प्राण्यात नाही. म्हणूनच आशियातील सिटाकोसॉरस, ज्याला शिंगही नाही आणि झालरही नाही आणि जो दोन पायांवर चालत असे, तो निःसंशय सेराटॉप्सिया गटाचा सदस्य आहे. मंगोलियात सापडलेल्या प्रोटोसेराटॉप्सला झालर आहे पण भुवईवर शिंगे नाहीत. या दोघांचे वर्णन १९२३ मध्ये झाले. भुवईवरची मोठी शिंगे या वंशवृक्षात बरीच उशिरा आली.

ट्रायसेराटॉप्सचा पत्ता वरून खाली सांगायचा तर डायनोसॉरिया या महागटात ऑर्निथिस्किया ही शाखा, तिच्यात कवटीच्या मागे काठ किंवा कंगोरा असलेल्या प्राण्यांचा मार्जिनोसेफॅलिया हा गट, त्यात सेराटॉप्सिया, त्यात सेराटॉप्सिडी कुल, आणि या कुलाच्या दोन उपकुलांपैकी कॅस्मोसॉरिनी. दुसरे उपकुल सेंट्रोसॉरिनी. ही दोन्ही उपकुले कॅनडाचे लॉरेन्स लॅम्ब यांनी १९१५ मध्ये मांडली. ढोबळमानाने सांगतात ते असे, की सेंट्रोसॉरिनी म्हणजे नाकावर मोठे शिंग, भुवईवर छोटी आणि झालर आखूड, तर कॅस्मोसॉरिनी म्हणजे भुवईवर मोठी शिंगे आणि झालर लांब. या ढोबळ नियमात ट्रायसेराटॉप्सच बसत नव्हता! त्याची झालर आखूड, म्हणून कित्येक वर्षे काही अभ्यासक त्याला आखूड झालरवाल्यांच्या पंगतीला बसवत होते. झालरीच्या लांबीऐवजी नाकपुडीभोवतीच्या हाडांची ठेवण आणि झालरीच्या दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी लांबट हाडांचा आकार पाहिला, अनेक लक्षणांची एकत्र तुलना केली, तेव्हा तो कॅस्मोसॉरिनीतच बसतो हे १९९० च्या सुमारास पक्के झाले. २०१३ मध्ये वर्णन झालेला नासुटोसेराटॉप्स याच्या उलट आहे : भुवईवरची शिंगे लांबलचक, पण कुलवृत्तांत सेंट्रोसॉरिनीचा. एका ठळक लक्षणावर वर्गीकरण उभारले तर काय होते याची ही दोन उदाहरणे पुरेशी आहेत.

आता राजासॉरसविषयी. गुजरातमधील बालासिनोरजवळच्या रहिओली येथून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस गोळा केलेल्या हाडांवरून जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, अशोक साहनी आदींनी २००३ मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ ही नवी प्रजाती आणि जाती स्थापन केली. त्याच्या कपाळावर एक बुटके शिंग होते हे खरे. पण तो दोन पायांवर चालणारा मांसभक्षक, थेरोपॉड शाखेतील अबेलिसॉरिडी कुलाचा प्राणी आहे. अर्जेंटिनाचा दोन शिंगांचा कार्नोटॉरस याच कुलातला. मार्श यांनी १८८४ मध्ये वर्णन केलेला सेरॅटोसॉरससुद्धा थेरोपॉडच, नावातील साम्याला फसू नये. या मंडळींचे शिंग आणि ट्रायसेराटॉप्सचे शिंग हे स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वंशांत उगवलेले अवयव आहेत. डायनोसॉरच्या वंशवृक्षावर ट्रायसेराटॉप्सपासून राजासॉरस जितका दूर आहे तितकीच आपल्या वळचणीची चिमणीही दूर आहे, कारण राजासॉरस आणि चिमणी दोघेही थेरोपॉड शाखेवर बसतात. किंबहुना डायनोसॉर कोणाला म्हणावे याची दीर्घकाळ वापरात असलेली एक व्याख्याच अशी आहे की ट्रायसेराटॉप्स हॉरिडस आणि घरचिमणी यांचा सर्वांत अलीकडचा समान पूर्वज आणि त्या पूर्वजाचे सर्व वंशज म्हणजे डायनोसॉर. ज्या नावाला आपल्या लेखाने मोडीत काढले तेच नाव या व्याख्येच्या एका टोकाला खुंटीसारखे ठोकलेले आहे.

महाराष्ट्राचा संबंध जोडायचाच असेल तर तो कुलाच्या तक्त्यात न जोडता काळाच्या तक्त्यात जोडता येईल. भारतात सेराटॉप्सिया गटाचे खात्रीलायक अवशेष मिळालेले नाहीत आणि त्याचे नवलही नाही, कारण या गटाचा विस्तार आशिया आणि उत्तर अमेरिकेत झाला आणि भारत तेव्हा समुद्रात एकटा उत्तरेकडे सरकत होता. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याच्या लॅमेटा थरांतून मिळतात ती हाडे लांब मानेच्या शाकाहारी टायटॅनोसॉरची, आणि तिथली जीवाश्म झालेली विष्ठाही अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. मात्र हेल क्रीकच्या वरच्या थरांत ट्रायसेराटॉप्स प्रोर्ससची शेवटची पिढी चरत होती त्या काळात आपल्या दख्खनमध्ये लाव्हाचे थर साचत होते. सह्याद्रीचा काळा पत्थर आणि हा प्राणी एकाच युगाच्या अखेरीचे आहेत, हे वाक्य तक्त्याखाली छापले असते तर ते खरेही ठरले असते आणि मुलांना भावलेही असते.

लेखातील वजन आणि लांबीचे आकडे साधारणपणे ठीक आहेत, त्यांविषयी तक्रार नाही. एक किरकोळ गोष्ट तेवढी सांगतो. लेखासोबत स्मिथसोनियनमधील १९०५ च्या सांगाड्याचे जे जुने छायाचित्र छापले आहे ते ट्रायसेराटॉप्सच्या शरीररचनेचा नमुना म्हणून वापरण्याजोगे नाही. जगात प्रथमच उभारलेला तो ट्रायसेराटॉप्सचा सांगाडा अनेक प्राण्यांची हाडे जुळवून केलेला होता, आणि मागचे पंजे तर बदकचोची डायनोसॉरचे लावलेले होते, कारण ट्रायसेराटॉप्सचे खरे पंजे तोवर कोणी पाहिलेच नव्हते. ऐतिहासिक चित्र म्हणून ते जरूर छापावे, पण खाली तसा उल्लेख असावा.

माझी विनंती एवढीच की पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच ठळक टाइपात, दुरुस्ती यावी. तीत ट्रायसेराटॉप्स ही १८८९ मध्ये स्थापन झालेली आणि आजही वैध असलेली प्रजाती असून तिच्यात हॉरिडस आणि प्रोर्सस या दोन जाती सर्वसाधारणपणे मानल्या जातात, असे लिहावे. टोरोसॉरसपुढे ‘स्वतंत्र प्रजाती, काहींच्या मते वयस्क ट्रायसेराटॉप्स’ आणि नेडोसेराटॉप्सपुढे ‘दर्जा वादग्रस्त’ असे शेरे द्यावेत. राजासॉरस, कार्नोटॉरस आणि सेरॅटोसॉरस यांची चित्रे त्या तक्त्यातून काढून थेरोपॉड शाखेखाली लावावीत, आणि मोकळ्या झालेल्या जागी सिटाकोसॉरस व प्रोटोसेराटॉप्स घ्यावेत.

आपला,
जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सांगली